'ले वाल्सोझ' : मोकळेपणा की स्त्रीद्वेष?

बालाघाट, लातूर
आमच्या चित्रपट मंडळात फ्रेंच दिग्दर्शक बेरत्राँ ब्लिए यांचा १९७४ चा 'ले वाल्सोझ' दाखवण्याचा प्रस्ताव आला आणि सभासदांत सरळ दोन तट पडले. गाड्या चोरत, बायकांना छळत फ्रान्सभर हिंडणाऱ्या दोन उनाडांच्या या विनोदी कथेची अमेरिकन समीक्षकांपैकी पॉलीन केल यांनी तरफदारी केली, तर रॉजर एबर्ट यांनी तिला स्त्रीद्वेष्टी ठरवून झिडकारले. जाणकारांनी आपले मत कारणांसह द्यावे, ही विनंती.

गोदाकाठ, नांदेड
माझे मत केल यांच्या बाजूचे आहे. त्या दोन उनाडांच्या भूमिका करणाऱ्या देपार्दिये आणि दवेर यांची पात्रे मर्दुमकीच्या कितीही गप्पा मारोत, मिऊ-मिऊ या अभिनेत्रीने रंगवलेल्या नायिकेला त्यांच्याकडून सुख मिळत नाही. ते मिळते तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या एका बुजऱ्या पोराकडून, आणि हे दोघे बाहेर तोंड पाडून बसतात. अभिनेत्री जान मोरो यांच्या पात्राच्या आत्महत्येनंतर तर हसू घशातच अडकते. दिग्दर्शक नायकांना डोक्यावर घेतो, असे म्हणणे मला उथळ वाटते.

हिरकणी, छत्रपती संभाजीनगर
मग आगगाडीतल्या प्रसंगाचे काय? सैनिक नवऱ्याला भेटायला निघालेल्या, बाळाला पाजणाऱ्या बाईला (ब्रिजित फोसे) हे दोघे पैसे दाखवून अडवतात, आणि भेदरलेली ती बाई शेवटी सुखावते असे चित्रपटच आपल्याला पटवू पाहतो. तिथे थट्टा नायकांची नसून तिच्या भीतीची आहे. शृंगाराचे आपल्याला वावडे नाही. पैठणच्या सातवाहनांच्या काळाशी जोडल्या गेलेल्या 'गाथासप्तशती' या प्राकृत काव्यसंग्रहात कितीतरी गाथा बाईच्याच तोंडी आहेत आणि तिची इच्छा ती स्वतः सांगते. ब्लिए यांच्याकडे मात्र ती बहुतेक वेळा पुरुषांनी गृहीत धरलेली असते. देपार्दिये यांना मे २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने दोन स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवले (त्यांनी अपील केले आहे), पण माझा आक्षेप त्यावर उभा नाही. तो पडद्यावर दिसते त्यावरच आहे.

गोदाकाठ, नांदेड
आगगाडीच्या प्रसंगाचे समर्थन मी करणार नाही. तरीही याच दिग्दर्शकाच्या १९७८ च्या विनोदी चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्यांची ही सुरुवातीची कृती न पाहताच नाकारणे मंडळाला शोभणार नाही.

बालाघाट, लातूर
दोघांचेही आभार. चित्रपट फक्त प्रौढ सभासदांना दाखवावा, आगगाडीच्या प्रसंगाची कल्पना निमंत्रणातच द्यावी आणि नंतरच्या चर्चेत पहिले बोलणे हिरकणीताईंचे असावे, असे मी कार्यकारिणीपुढे मांडतो. ताई, येणे जमेल का?