धरण ‘उच्च धोक्याचे’ म्हणजे कमकुवत का?

प्रश्न: आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या मातीच्या धरणाची नोंद ‘उच्च धोका’ अशी असल्याचे समजल्यापासून गावात अस्वस्थता आहे. भिंत कमकुवत झाली, असा याचा अर्थ घ्यायचा का?

उत्तर 1: नाही. धरण फुटल्यास खालच्या भागात किती जीवितहानी आणि वित्तहानी होईल, यावर ही वर्गवारी ठरते; त्यामुळे उत्तम बांधलेले धरणही दाट वस्तीच्या वर असेल तर उच्च धोक्याचेच ठरते.

उत्तर 2: भिंतीची प्रकृती तपासणीत आढळलेल्या त्रुटींच्या श्रेणीवरून कळते. पहिल्या श्रेणीत धरण फुटण्यास कारणीभूत ठरू शकणाऱ्या त्रुटी येतात, दुसरीत तातडीने दुरुस्त कराव्या लागणाऱ्या मोठ्या, तर तिसरीत वर्षभरात दूर होणाऱ्या किरकोळ. (इथे ‘पहिली श्रेणी’ अभिमानाची नव्हे!) 2021च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार निर्दिष्ट धरणांची (म्हणजे उंचीच्या निकषांनुसार कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या धरणांची) पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे.

उत्तर 3: 12 जुलै 1961 रोजी फुटलेले पानशेत धरण जुने झालेले नव्हते, उलट त्याचे बांधकाम अजून अपूर्ण होते, तरी पुणे बुडाले. म्हणून धोक्याची वर्गवारी आणि त्रुटींची श्रेणी या दोन्ही नोंदी एकत्र वाचाव्यात आणि आपत्कालीन कृती आराखड्यात आपल्या गावाचा उल्लेख आहे का, हे पाटबंधारे कार्यालयात लेखी विचारावे.