मदत हवी आहे : ऑक्टाव्हिया आरएसचा क्लच बदलायचाय, फ्लायव्हील ड्युअल मासच ठेवू की सिंगल मास करू?

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय. या कामाला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि वर्षभरात तो दोनदा उतरवायची माझी तयारी नाही. तेव्हा आत काय बसवायचं ते आधीच नीट कळून घ्यायचंय. (नवख्यांसाठी : फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक. ड्युअल मास म्हणजे दोन चकत्यांचं, मधे स्प्रिंगा असलेलं; सिंगल मास म्हणजे एकसंध.)

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५ ची. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस, २१० न्यूटन मीटर, पाच गिअर. १ लाख १८ हजार किमी झालेत. रीमॅप (जोर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) केलेली नाही, करायचीही नाही. बाबांनी नवी घेतली होती, गेली सहा वर्षं मी चालवतो. आठवड्यातून दोनदा कोथरूड ते औंध ऑफिसला जाते, म्हणजे विद्यापीठ चौकातली रांग आलीच. रविवारी पहाटे सिंहगड नाहीतर ताम्हिणी.

मागच्या महिन्यात मुळशीच्या पुढे चढाला चौथ्या गिअरमध्ये होतो. पुढे रस्ता मोकळा दिसला म्हणून पाय दिला, तर इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा २५०० वरून सरळ ३४०० ला गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगात. पाय काढला की काटा खाली. पुन्हा दिला, पुन्हा तेच, आणि या वेळी जळका वास आला. तिथून घरी हळूच आणली. त्यानंतर ऑफिसला नेतोय ती अगदी जपून. पहिल्या-दुसऱ्या गिअरला अजून काही जाणवत नाही, वरच्या गिअरला टर्बोने जोर धरला की घसरते.

दुसरी गोष्ट आवाजाची. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असली की गिअरबॉक्सच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात नाणी हलवावीत तसा आवाज येतो. क्लच दाबला की बंद. आणि इंजिन बंद करताना शेवटी एक ठसठशीत 'खट्ट'.

आतापर्यंत तिघांना विचारलं. एका गॅरेजवाल्याने गाडी न बघताच सांगितलं, "साहेब, ड्युअल मास काढून टाका, सिंगल मास बसवा, परत बघायला नको." दुसरे मिस्त्री म्हणाले, फ्लायव्हीलला हात लावूच नका, फक्त क्लच सेट बदला. तिसऱ्याने तर सिंगल मास घेऊन लेथवर दोन किलो उतरवून देतो म्हणून सांगितलं, गाडी पळेल म्हणे. ड्युअल मासचा मला मिळालेला भाव सिंगल मासच्या जवळपास दुप्पट आहे. पैसे घालायला हरकत नाही, पण चुकीच्या ठिकाणी नकोत. गाडी अजून दहा वर्षं ठेवायची आहे आणि आई-बाबाही तीत बसतात. तुम्ही काय कराल?

प्रतिसाद १

वरच्या गिअरला आधी घसरणं हे क्लच संपत आल्याचंच लक्षण आहे. १ लाख १८ हजार म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. घसरणं हा क्लचचा प्रश्न, आवाज आणि 'खट्ट' हा बहुधा फ्लायव्हीलचा.

ड्युअल मास म्हणजे दोन चकत्या. एक क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) बोल्टने पक्की, दुसरीवर क्लच बसतो, आणि मधे ग्रीसमध्ये बुडवलेल्या लांब, वाकड्या स्प्रिंगा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोनदा स्फोट होतो. ८०० फेऱ्यांवर गाडी उभी असेल तर सेकंदाला साधारण २७ धक्के. हे धक्के गिअरच्या दातांपर्यंत पोचू नयेत म्हणून त्या स्प्रिंगा. त्या थकल्या की न्यूट्रलमध्ये दात एकमेकांवर वाजतात. तुम्ही क्लच दाबता तेव्हा गिअरबॉक्सचा शाफ्ट सुटतो, म्हणून आवाज थांबतो.

गिअरबॉक्स उतरला की स्वतः तिथे हजर राहा. बाहेरची चकती हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. स्प्रिंगेचा जोर लागण्याआधी ती किती सैल फिरते, आणि पुढे-मागे डुलते का. किती चालतं याची मर्यादा पार्ट नंबरप्रमाणे वेगळी असते, ती बनवणाऱ्याच्या तक्त्यातून आधी काढून ठेवा. कडेला ग्रीस उडालेलं असेल किंवा क्लच प्लेट घासते तिथे निळे डाग असतील तर मोजत बसू नका, बदला. जुन्या ड्युअल मासवर नवा क्लच सेट टाकून बंद करणं हे मी बघितलेलं सगळ्यात महाग पडणारं काम आहे.

आणि प्लेटवर तेल दिसलं तर थांबा. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर नवी प्लेटही तशीच घसरेल.

प्रतिसाद २

माझ्या १.८ टर्बोमध्ये तीन वर्षं सिंगल मास आहे, म्हणून लिहितो. मी ठोस, म्हणजे सिंगल मास फ्लायव्हीलवर फोक्सवॅगनच्या व्हीआर६ इंजिनाचा २२८ मिमी क्लच बसवलाय. या गिअरबॉक्सवर ही जोडी बरेच जण वापरतात. पकड उत्तम. माझं इंजिन रीमॅप केलेलं आहे, मला तेवढी गरज होती.

पण रोजचं सांगतो. न्यूट्रलमध्ये खडखड कायमची. एसी चालू केला की वाढते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनने दोनदा विचारलं, गाडीत काही सुटलंय का. दुसऱ्या गिअरला १५०० च्या खाली पाय दिला की सबंध गाडी कुरकुरते, म्हणून रांगेत मी पहिल्यातच राहतो. त्याने गिअरबॉक्स फुटला असं झालेलं नाही, पण आवाज हा आवाजच असतो. आई-बाबा बसणार असतील तर याचा विचार कराच.

सिंगल मास घ्यायचंच ठरलं तर क्लच प्लेट मधे स्प्रिंगा असलेलीच घ्या. फ्लायव्हीलमधल्या स्प्रिंगा गेल्यावर धक्के झेलायला तेवढ्याच उरतात. बिनस्प्रिंगेची रेसची प्लेट कोणी गळ्यात मारली तर घेऊ नका.

प्रतिसाद ३

मी भोसरीत टर्निंगचंच काम करतो, म्हणून त्या दोन किलोंबद्दल बोलतो. करू नका, दादा.

बिडाचं फ्लायव्हील २७ सेंमी व्यासाचं धरा. ६००० फेऱ्यांना त्याची कड ताशी ३०० किमीच्या वर वेगाने फिरते. त्यातून नेमकं कुठून, किती आणि कसं काढलं, काढल्यावर बॅलन्स केलं का, यावर सगळं अवलंबून आहे. बीड ताणात वाकत नाही, तडकतं. आणि ते फिरतं तुमच्या आणि शेजारी बसलेल्याच्या पायांजवळ. हलकं हवंच असेल तर हलकं म्हणूनच बनवलेलं, घडवलेल्या स्टीलचं मिळतं.

वजन कमी केल्याने फरक पडतो हे खरं आहे. कडेचं वजन मधल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जड पडतं, कारण त्रिज्येचा वर्ग येतो. इंजिन चटकन वर जातं. पण तितक्याच चटकन खालीही येतं. चांदणी चौकाच्या चढावर रांगेत गाडी उचलताना हे जड चाकच तुम्हाला सांभाळत असतं. ते हलकं केलं की एकतर इंजिन बंद पडणार, नाहीतर तुम्ही जास्त पाय देऊन हाफ क्लचवर सोडणार आणि नवी प्लेट जाळणार. ट्रॅकची गाडी वेगळी. तुमची तशी नाही.

धागाकर्ता (शनिवार रात्री)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गिअरबॉक्स उतरवला. दिवसभर तिथेच होतो.

क्लच प्लेट जवळजवळ रिव्हेटपर्यंत आलेली. पण कोरडी, तेलाचा थेंब नाही. ऑइल सील मात्र खालच्या कडेला ओलसर दिसलं, म्हणून तेही बदलायचं ठरलं. मग मिस्त्रींनी मला फ्लायव्हीलची बाहेरची चकती धरायला दिली. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल. ती दोन बोटांनी बराच वेळ मोकळी फिरली आणि मग कुठे स्प्रिंग लागली. पुढे-मागेही डुलत होती. कडेला काळं ग्रीस, आणि घासण्याच्या पट्ट्यावर रुपयाएवढे तीन निळे डाग. फ्लायव्हीलला हात लावू नका म्हणणारे मिस्त्री हेच. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे परत नाही बसवायचं." मला त्यांचा हा स्वभाव आवडला.

ठरवलंय ते असं : नवं ड्युअल मास, त्याच्या जोडीचाच क्लच सेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारी), बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती नळी, आणि क्रँकचं सील. सिंगल मासची पकड मला लागणार नाही, २१० न्यूटन मीटरला मूळचा क्लच पुरतो. आणि ती खडखड मला रोज ऐकायची नाही. प्रतिसाद २ मधला वॉचमन माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

एकच प्रश्न उरलाय. फ्लायव्हीलचे सहा बोल्ट मिस्त्री पुसून परत लावू म्हणताहेत. चालेल का?

प्रतिसाद १

नाही. ते ताणून बसणारे बोल्ट आहेत, एकदाच वापरायचे. नवे सहा घ्या. ६० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळून वर ९० अंश फिरवायचे. अंदाजाने पान्ह्याने नाही. क्लचच्या हायड्रॉलिकमधली हवा काढतानाही लक्ष असू द्या. क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच डब्यातून येतं, तो रिकामा होऊ देऊ नका.

धागाकर्ता (पुढच्या गुरुवारी)

बोल्ट नाना पेठेत दोन दुकानांत नव्हते, तिसऱ्याने मागवून दिले. त्यात दोन दिवस गेले. काल गाडी मिळाली.

न्यूट्रलमध्ये आवाज नाही. बंद करताना 'खट्ट' नाही. पेडल इतकं हलकं झालंय की पहिल्या सिग्नलला मी क्लच लवकर सोडला आणि गाडी बंद पडली. पाय अजून जुन्या सवयीने दाबतोय. पहिले ८०० किमी पूर्ण पाय द्यायचा नाही असं ठरवलंय, त्यामुळे ताम्हिणी पुढच्या महिन्यात. चढावर आता हँडब्रेक ओढूनच गाडी उचलतो, हाफ क्लचवर धरून ठेवायचं बंद केलंय.

जुनं फ्लायव्हील टाकलेलं नाही. कोथरूडमध्ये घरी ठेवलंय. ज्यांना आपलं तपासायचंय पण 'सैल' म्हणजे नेमकं किती ते हाताला माहीत नाही, त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा आणि येऊन फिरवून बघा. रविवारी सकाळी मी घरीच असतो.