सर्वांगासनात मान ओढली जाते, काय चुकतंय?

प्रश्न: पाय वर गेले की मानेच्या मुळाशी ओढ बसते, कोपरंही फाकतात. सतरंजीवरच करतो. काय बदलू?

उत्तर १: नुसत्या सतरंजीवर मान जवळजवळ काटकोनात दुमडते, म्हणून ओढ. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या योगपद्धतीत खांद्यांखाली तीन-चार ब्लँकेटांच्या घड्या ठेवतात. घडीची बंद, गोल कड मानेकडे हवी. खांदे कडेपासून दोन-तीन बोटं आत, डोकं खाली जमिनीवर. मानेखाली बोट सहज सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर आणखी एक घडी वाढवा.

उत्तर २: कोपरांसाठी पट्टा. खांद्यांच्या रुंदीइतका फास करून दंडांत, कोपरांच्या जरा वर अडकवा. तळहात पाठीवरून खांद्यांकडे सरकवा, छाती आपोआप उभी राहते. आणि वर असताना मान अजिबात वळवू नका, कुणी कितीही हाका मारोत! सुरुवातीला अर्धा मिनिट पुरे.

उत्तर ३: उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायांतलं रक्त हृदयाकडे सहज परतून पाय हलके होतात, हा फायदा खरा. पण या आसनाने थायरॉईड बरा होतो असं ऐकून कुणी गोळ्या बंद करू नका. मान दुखतेय तोवर पाठीवर झोपून, भिंतीला पाय उभे लावून विपरीत करणी करा.