ग्राइंडर ठिणग्या मारतोय, आर्मेचर गेलं की नुसते कार्बन?

गेटवाला_सातारा: नमस्कार मंडळी, माझा ४ इंची हँड ग्राइंडर आहे, ग्रिल-गेटची बारीकसारीक कामं करतो, हल्ली मागच्या जाळीतून भरपूर ठिणग्या दिसतायत आणि जोरही कमी झालाय. रिवाइंडिंगवाल्याने न उघडताच सांगितलं आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) गेलं, नवीन टाका. खरंच टाकावं लागेल का? आणि घरात बंद पडलेला मिक्सर आणि सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन पडलंय, त्यातलं काही याला चालेल का?

जुना_वायरमन: दादा, उघडून बघितल्याशिवाय आर्मेचर घेऊ नका. प्लग काढा आणि आधी दोन्ही कार्बन (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे ब्रश) बाहेर काढून बघा, ५-६ मिमीच उरले असतील किंवा होल्डरमध्ये अडकत असतील तर स्प्रिंगचा दाब पोचत नाही आणि ठिणग्या उडतात. मग कॉम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासतात तो) बघा, पट्ट्यांमधल्या खाचांत कार्बनची पूड बसली असेल तर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने हलक्या हाताने कोरून काढा. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून शेजारशेजारच्या दोन-दोन पट्ट्या गोल फिरत मोजा, सगळीकडे जवळपास सारखंच रीडिंग हवं. कुठे एकदम वेगळं आलं किंवा मीटर बीपवर (कंटिन्युइटी) ठेवून पट्टी आणि शाफ्टमध्ये बीप वाजला तर मात्र आर्मेचर गेलंच समजा. कार्बनखाली बारीक ठिणगी चालते हो, पण कॉम्युटेटरभर आगीची रिंग फिरत असेल तर लगेच बंद करा.

भंगारप्रेमी: मिक्सरचे कार्बन घासून बसवता येतात पण त्यांचा कडकपणा वेगळा असतो, त्यापेक्षा जुना कार्बन दाखवून नवीन जोडी घ्या, फार महाग नसते. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत बघा. वॉशिंग मशीनची वॉश मोटर मात्र अजिबात फेकू नका!! ती दोन्ही बाजूंना फिरते म्हणून तिची दोन्ही वाइंडिंग (तारेच्या गुंडाळ्या) सारखी असतात, तीन वायरींत ज्या दोघींमध्ये सगळ्यात जास्त ओहम येतात त्या दोन्हींमध्ये कपॅसिटर लावायचा, उरलेली कॉमन. एक लाइन कॉमनला, दुसरी त्या दोघींपैकी कुठल्याही एकीला, वायर बदलली की मोटर उलटी फिरते. साधारण १४०० आरपीएम मिळतात, पॉलिशिंगच्या बफला (कापडी चाकाला) एकदम मस्त. तांब्यासाठी तोडायचा विचार असेल तर आधी तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम आहे. आणि कुणी जुना मायक्रोवेव्ह दिला तर कृपया उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव जाईल एवढं व्होल्टेज राहू शकतं.

गेटवाला_सातारा: खूप आभार दोघांचे! एक कार्बन पार संपलाय आणि होल्डरमध्ये अडकलाही होता, रीडिंग सगळीकडे सारखं येतंय, शाफ्टला बीप नाही. वॉश मोटर पण काढून ठेवतो.

जुना_वायरमन: मग आर्मेचर शाबूत आहे. होल्डर आतून पुसून घ्या, कार्बन दोन्ही एकदमच बदला, आणि पहिली पाच-दहा मिनिटं लोड न देता फिरवा म्हणजे कार्बनचं तोंड नीट बसतं. गिअरचं झाकण उघडलंच तर ग्रीसही बदलून टाका.