विश्वास आधी कोणी टाकायचा?

गंगाघाट: आमच्या सोसायटीत ठरलं, नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीयांना खोली द्यायची नाही. "आधी विश्वास कमवू दे." मला हे पटत नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्या सुरगाणा-पेठच्या कोकणा, महादेव कोळी आदिवासींवर तरी आपण कुठे विश्वास टाकला? वनजमिनीत शेती केली म्हणून वनखात्याने त्यांना दंड केला. आता २००६च्या वनहक्क कायद्यात तीच दंडाची पावती कब्जाचा पुरावा ठरते. ओळखीच्या एका आजींनी ती युरियाच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचलीय. शाई उडालीय, शिक्का तेवढा दिसतो.

सातपूरकर: दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधू नका. आदिवासींचा हक्क आधीचा आहे. घटनेच्या १९व्या कलमाने कुठेही राहायची मुभा दिली, पण अनुसूचित जमातींच्या हितासाठी तिला बंधन घालायची सोयही त्याच कलमात आहे. क्रम घटनेनेच लावलाय.

गंगाघाट: क्रम मान्य. पण ते बंधन आदिवासींच्या जमिनीसाठी आहे, तुमच्या रिकाम्या फ्लॅटसाठी नाही. त्र्यंबक रस्त्यावरची फार्महाऊसं बिहारच्या वेल्डरने बांधली का?

द्राक्षवाला: गिरणाऱ्याला हंगामात पहाटे जाऊन बघा. पेठ-हरसूलची माणसं पोरंबाळं, भांडी घेऊन मजुरीसाठी उभी असतात. स्वतःच्याच जिल्ह्यात तीही बाहेरचीच.

सातपूरकर: माझा भाडेकरू चार महिन्यांचं भाडं बुडवून रातोरात गेला. पुढच्याकडे ओळखपत्र मागितलं, तर तोही अन्याय?

गंगाघाट: मुळीच नाही. ओळखपत्र मागा, करार करा, फक्त करार दोघांच्याही हातात द्या. आमच्याकडे एका मुलाने करार मागितला, तर घरमालक म्हणाला, "विश्वास नाही का?" कमजोर माणसाने विश्वास टाकायचा आणि कागद आपल्या कपाटात, हे मला खुपतं. वनपट्ट्याचं, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काच्या कागदाचंही तेच. त्यासाठी मार्च २०१८मध्ये हीच आदिवासी माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली. शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांना पेपरला जाताना अडचण नको म्हणून झोप सोडून चालली. शहराची एवढी काळजी घेणाऱ्यांना २०२३ला दिंडोरीहून पुन्हा निघावं लागलं.

सातपूरकर: मोर्चाबद्दल वाद नाही, तेव्हा मीही पाण्याच्या बाटल्या वाटल्यात. पण बुडालेलं भाडं मला कोण देणार?

द्राक्षवाला: भाऊ, करार नोंदवला होता का?

सातपूरकर: नाही. तोंडी होता.