अनुभव धागा: घरी न सांगितलेला बर्फ

यंदाच्या फेब्रुवारीत गुलमर्गला एका फरच्या झाडाच्या बुंध्याशी मी डोकं खाली, पाय वर अशी अडकले होते. किती वेळ, ते सांगता येत नाही. सोबतची मुलगी म्हणते चार मिनिटं, मला विचाराल तर अख्खी दुपार. आईला अजून सांगितलेलं नाही. (आई इथलं वाचत नाही. भाऊ वाचतो, त्यानं गप्प बसावं.)

बेळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसातशे मीटर. आपल्याला बर्फ म्हणजे उन्हाळ्यातला गोळा. तरी इथून हिमालयात जाणारे कमी नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र गावातच, त्यामुळं आजूबाजूच्या खेड्यांत गल्लीगणिक फौजी. शिवाय गोवा एक्स्प्रेस पकडून निजामुद्दीनला उतरणारी ट्रेकवाली पोरं वेगळीच. शिखरावरचे फोटो इन्स्टावर भरपूर आहेत, ते इथं नकोत. फसलात, घाबरलात, परत फिरलात किंवा फिरायला हवं होतं आणि फिरला नाहीत, तेवढं लिहा. घरी सांगितलं नसेल तर आणखी चांगलं.

माझ्यापासून सुरू करते. दोन वर्षांपूर्वी तिथंच बेसिक स्कीइंग कोर्स केला होता, पण तो सगळा दाबून सपाट केलेल्या उतारावर. यंदा न दाबलेल्या, मोकळ्या डोंगरातल्या बर्फात जायचं होतं. तिथं पुढं लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला स्किन नावाची पट्टी चिकटवायची आणि चालत चढायचं. मांजराच्या पाठीवरून हात शेपटीकडं सरळ फिरतो आणि उलटा फिरवला की अडतो, तशी ती पट्टी पुढं सरकते, मागं घसरू देत नाही. चढताना टाच मोकळी. उतरायच्या वेळी पट्टी सोलून काढायची, टाच अडकवायची आणि सुटायचं.

गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवाट डोंगराच्या खांद्यावर पोचलो, ३९०० मीटरच्या वर. आदल्या दोन रात्री भरपूर बर्फ पडलेला. तिथून थोडं चढून गेल्यावर गाईडनं फावड्यानं छातीइतका खड्डा खणला, त्याच्या कडेला बर्फाचा चौकोनी खांब सोडवला, वर फावडं पालथं ठेवलं आणि थापट्या मारायला लागला. आधी दहा मनगटातून, मग कोपरातून. कोपराच्या दुसऱ्या थापटीला वरचा वीतभर थर टेबलाचा खण ओढावा तसा अलगद पुढं आला. त्यानं फावडं उचललं. ‘आज खुला मैदान नहीं, दीदी. जंगल से जाएंगे.’ बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीला नेमका तोच उतार गोड लागतो. २०२३ च्या फेब्रुवारीत ह्याच अफरवाटवर दोन पोलिश स्कीअर गाडले गेले होते. कुणी वाद घातला नाही, मी मात्र मनात खट्टू.

जंगलात शिरल्यावर वाटलं, सुटलो. फरच्या खालच्या फांद्या पडता बर्फ अडवतात, त्यामुळं बुंध्याभोवती पोकळ विहीर तयार होते आणि वरून ती भुसभुशीत बर्फानं झाकलेली असते. वळण घेताना मी झाडाच्या फारच जवळून गेले, उजवी स्की फांदीत अडकून निसटली आणि मी डोक्यावर आत. तोंडात गेलेला बर्फ आधी गार लागत नाही, गिरणीतल्या पिठासारखा लागतो. ओरडले तर आवाज माझ्याच कानात राहिला. हलले की आणखी खाली जायचे. कोर्समधलं एकच आठवलं: धडपडू नको, फांदी धर, तोंडापुढं हात नेऊन जागा कर. शिट्टी जॅकेटच्या चेनला होती, हात पोचेना. एकमेकींना नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा नियम आम्ही पाळला होता म्हणून हे लिहितेय. सोबतच्या मुलीनं मला वरून ओढलं नाही, कारण ओढलं की भोवतीचा बर्फ आत ढासळतो. ती बाजूनं खणत आली आणि आधी तोंड मोकळं केलं.

उजवी स्की मिळाली नाही. अर्धा तास खणलं. भाड्याची होती, अनामत गेली. कमरेइतक्या बर्फातून गुलमर्गपर्यंत तीन तास.

खरं सांगायचं ते हे: त्याआधी दोनदा पाय थरथरले होते आणि ‘जरा थांबूया’ म्हणायची लाज वाटली. बाकी सगळी कॉलेजची पोरं, मी एकटी चाळिशीची.

कंग्राळी, निवृत्त सुभेदार (नातू टाइप करालाय)

ताई, वाचलं. मी लिहिणारा माणूस नव्हे, सांगतोय तसं हा लिहितोय.

मी सियाचेनला दोनदा होतो. वर जायला फौज घाई करत नाही. ९ हजार फुटांच्या वर सहा दिवस, १२ हजाराच्या वर चार, १५ हजाराच्या वर आणखी चार. चौदा दिवस नुसतं चालायचं, पाणी प्यायचं आणि डॉक्टरला तोंड दाखवायचं. तुमची पोरं बेळगावात जेवून दुसऱ्या दिवशी लेहला नाश्ता करत्यात.

ग्लेशियरवर एका दोरीत बांधून रात्रीचं चालायचं, कारण ऊन लागलं की फटींवरचे बर्फाचे पूल मऊ पडतात. एका पहाटे माझ्या पुढचा जवान नाहीसा झाला. ओरडला नाही, काही नाही. दिवा दिसत होता, तो दिसेना. दोरी ताणली तसा मी पोटावर पडलो आणि कुऱ्हाड बर्फात रुतवली. डोकं चालायच्या आधी अंग चाललं, शिकवलेलं असतं ते. त्याला वर काढायला दोन तास गेले. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय तर, ‘साहेब, मग गेला माझा.’ स्टीलचा मग, बायकोनं नाव घालून दिलेला.

आता माझं. स्टोव्हचा स्क्रू बसेना म्हणून हातमोजे काढले. एक मिनिट असेल. लोखंडाला बोटं चिकटली. सोडवली तर दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, पण दुखेनात. दुखत नाहीत म्हणून कुणाला सांगितलं नाही. दुखायचं थांबलं तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्यानं बघितलं आणि शिव्या दिल्या. अशा बोटांना चोळायचं नाही, शेगडीवर धरायचं नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवायचं, बाळाच्या आंघोळीला असतं तितपत कोमट. आणि पुन्हा गारठणार असतील तर वितळवायचीच नाहीत, परत गोठली की जातात. वितळताना मी रडलो, खोटं कशाला सांगू. करंगळीचं एक पेर गेलं. आता गुंडी लावताना आठवण होते.

२०१६ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले, बेटदूरचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद १९ हजार फुटांच्या वर सहा दिवस गाडले जाऊन जिवंत निघाले. आमच्या गल्लीत कन्नड-मराठी सगळी टीव्हीसमोर बसून होती. बरोबरचे नऊजण गेले होते. ११ तारखेला दिल्लीत तेही गेले. त्या दिवशी आमच्या घरात जेवण झालं नाही.

अनगोळ

मी आपला चोर्ल्याच्या धुक्यात वाट चुकणारा माणूस. बर्फ बघितला तो कोल्ड्रिंक हाउसमध्ये. वाचतोय, लिहा.

शहापूर, डॉक्टर

सुभेदार काकांनी लेहच्या नाश्त्याचा टोला हाणलाय तो मलाच लागला.

आम्ही सहाजण विमानानं लेहला उतरलो, ३५०० मीटर. दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या मोटारसायकलींवरून खारदुंग ला, ५३५९ मीटर. बेत माझाच. परत आल्यावर एकजण खोकत होता. म्हणाला, ‘दिल्लीच्या एसीची सर्दी आहे.’ मला ते ऐकायला बरं वाटलं, म्हणून मी ते ऐकून घेतलं. रात्री दोनला उठलो तर तो उशी पोटाशी धरून बसलेला. आडवं झालं की गुदमरतंय म्हणाला. पाठीला कान लावला. कानाजवळचे केस बोटांत चोळल्यावर जशी चुरचुर ऐकू येते, तशी त्याच्या फुप्फुसांत येत होती. उंचीमुळं फुप्फुसात पाणी भरणं, हेप. पहाटेपर्यंत थुंकीत गुलाबी फेस. ऑक्सिजन मिळाला, मग विमानानं खाली आणलं आणि तो वाचला. आता शहापुरात दुकान चालवतो आणि लोकांना सांगतो की ह्या डॉक्टरनं मला मारलाच होता.

तेव्हापासून कुणी विचारलं तर एवढं सांगतो. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम तिथंच ठेवा. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. बरोबरचा बरळतोय अशी शंका आली तर त्याला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर सूज मेंदूवर आली असं धरून रात्र असली तरी खाली उतरवा, सकाळची वाट बघू नका. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घेतली म्हणजे भरभर चढायचा परवाना मिळत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती घेण्याआधी डॉक्टरला सांगा.

निपाणी

केदारकंठा, डिसेंबर, शिखराच्या दिवशी पहाटे तीनला निघालो. आमच्यातला एकजण सगळ्यात पुढं, दणादण. चढताना घामाघूम झाला, आत कॉटनचं बनियन. वर कड्यावर वारा लागला आणि तो गप्प झाला. आधी कुडकुडत होता, मग कुडकुडायचा थांबला. मला वाटलं, सरावला. त्यानं जॅकेटची चेन खाली ओढली आणि म्हणाला, ‘उकडालंय.’ उणे दहाच्या आसपास असेल तेव्हा. आमच्या गाईडनं त्याच्याकडं एकदाच बघितलं आणि शिखर सोडलं. समोर दिसत होतं हो, झेंडाबिंडा सगळं. ओलं बनियन कापून काढलं, कोरडे कपडे घातले, दोघांच्या मधे घेऊन खाली आणला. तंबूत गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत घालून काखेत ठेवल्या.

त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. अजून म्हणतो, तुम्ही दमलात म्हणून मला खाली आणलंत.

खानापूर

मी डोंगरात गेलेली नाही. माझी मुलगी जाते. जून २०२४ मध्ये ती उत्तराखंडातच होती, दुसऱ्या वाटेवर. सहस्रतालला कर्नाटकातून गेलेला गट हिमवादळात सापडल्याची बातमी कन्नड चॅनलवर लागली. २२ जण होते, त्यातले ९ गेले. आमच्या मुलीचा फोन लागत नव्हता, आणि तिच्या ट्रेकचं नाव मला नीट माहीत नव्हतं. ‘ताल’ काहीतरी आहे एवढंच डोक्यात. दोन दिवस मी त्या एका शब्दावर काढले. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘आई, मॅगी खाल्ली.’

आता जाताना ती कागद लिहून फ्रिजवर लावते: वाट, मुक्काम, गाईडचा नंबर, कुठल्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर घाबरायचं. ही शेवटची ओळ मी मागून घेतली.

भाग्यनगर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

ताई, ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र) विकत घ्यावं का? महाग आहे. आणि बेळगावात बसून सराव कसा करायचा?

(धागा सुरू करणारी)

तिथं भाड्यानं मिळतं. पण नुसतं गळ्यात बांधून उपयोग नाही. ट्रान्सीव्हर, प्रोब म्हणजे घडीची लांब सळई, आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडं हवीत. सगळ्या कंपन्यांची यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळं कुणाचंही कुणालाही सापडतं. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, त्यानंतर शक्यता झरझर खाली येते. म्हणजे बाहेरची मदत येईपर्यंत थांबून चालत नाही, जवळ उभे असतील त्यांनीच काढायचं.

सरावाचं म्हणशील तर आम्ही चौघींनी एकीचं यंत्र पिशवीत घालून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातल्या पाचोळ्यात पुरलं होतं. पहिल्यांदा सापडायला अकरा मिनिटं लागली, त्यातही एका कुत्र्यानं पिशवी आधी उकरली. पंधराव्या वेळी तीन मिनिटांवर आलो. फिरायला येणारे आजोबा रोज विचारायचे, ‘सोन्याचं काय हरवलंय काय गं?’

हिंडलगा

हे सगळं वाचून एकच प्रश्न पडतो. पैसे भरून मरायला कशाला जायचं? राजहंसगडावर जावा की, वर देऊळ आहे, वारा आहे, खाली येऊन मिसळ खावा.

कंग्राळी, निवृत्त सुभेदार

मला पगार देऊन पाठवलं होतं, तरी परत जायला आवडलं असतं. का ते विचारू नका. राजहंसगडाला पण येतो, रविवारी सांगा.

(धागा सुरू करणारी)

आज दुपारी गाईडचा व्हॉट्सॲप आला. खाली फोटो टाकलाय. जंगलातला बर्फ वितळला, मेंढरं चरायला आली आणि एका गुराख्याला स्की मिळाली. झाडापासून तीन पावलांवर, चिखलात, वर पिवळी फुलं. आम्ही अर्धा तास झाडाच्या दुसऱ्याच अंगाला खणत होतो. अनामत परत मिळेल का विचारलंय.

भाऊ

आईनं फोटो बघितला. विचारते, हे एकच का, जोडीतलं दुसरं कुठाय. फोन कर.