मज्जापेशी की चेतापेशी? आणि ‘ग्लिया’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न, फोंड्याहून:
भाची बारावीला आहे, तिला मराठीतून समजावताना माझीच गोची झाली. स्पायनल कॉर्डला एकीकडे मज्जारज्जू लिहिलंय, दुसरीकडे मेरुरज्जू, न्यूरॉनला मज्जापेशी पण आणि चेतापेशी पण, आणि त्यांच्यासोबतच्या ग्लियल सेल्सना ‘आधारपेशी’ म्हटलं तर चालेल काय? आमच्या घरी तर सगळ्यालाच शीर म्हणतात, कंबर धरली की शीर दबली, हात बधिर झाला तरी शीरच.

उत्तर, म्हापशाहून:
ताई, मज्जापेशी टाळाच. मज्जा म्हटलं की हाडातला मगज आठवतो, तिथे रक्तपेशी तयार होतात, कण्यातल्या दोरीशी त्याचा काही संबंध नाही. घोळ एकट्या मराठीचा नाही हां, आपल्याकडचे पोर्तुगीज शिकलेले जुने लोक दोन्हीला मेदुलाच म्हणतात, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच मगज. हाडाच्या पोकळीत मऊ गर दिसला की तो मगज, एवढाच हिशोब असावा. मी मेरुरज्जू आणि चेतापेशी वापरतो. मज्जातंतू मात्र इतका रुळलाय की तो राहू दे.

उत्तर, पणजीहून (लॅबमध्ये काम करते):
‘आधारपेशी’ला माझा थोडा विरोध आहे. जर्मन डॉक्टर फिरखोने 1856 मध्ये न्यूरोग्लिया नाव दिलं ते सरस (चिकटवायचा गोंद) या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कारण त्याला वाटलं हा नुसता मधला भराव. पण स्लाइडवर बघा, मेरुरज्जूचा आडवा छेद घेतला की मध्ये फुलपाखरासारखा करडा भाग, त्याच्या पुढच्या पंखात मोठ्या टपोऱ्या चेतापेशी, आत निळसर-जांभळे दाणे, आणि आजूबाजूला बारीक गडद ठिपके. ते बरेचसे ठिपके म्हणजे ग्लियाची केंद्रकं. त्यातली ऑलिगोडेंड्रोसाइट एकटी पन्नासेक ठिकाणी तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवते. मायक्रोग्लिया तर वेगळ्याच वंशाची, चेतापेशींशी नातं नाही, काम साफसफाईचं आणि संरक्षणाचं. ॲस्ट्रोसाइट ही आणखी एक ग्लिया, ती चेतापेशींच्या भोवतालचं जास्तीचं पोटॅशियम आणि ग्लुटामेट उचलते, नाहीतर पेशीच मरायची. एवढ्या सगळ्याला ‘आधार’ म्हणजे घरातल्या बाईला ‘मदत करते’ म्हटल्यासारखं वाटतं मला 😄 आणि कोणी सरसावरून ‘श्लेष्मपेशी’ केलं तर पोराला वाटेल कण्यात कफ झालाय. सरळ ‘ग्लिया पेशी’ लिहा.

प्रश्न, फोंड्याहून:
पटलं, पण परीक्षेत आधारपेशी लिहिलं तर मार्क कापतील काय?

उत्तर, पणजीहून:
नाही ओ, पुस्तकात जो शब्द असेल तोच लिहूदे, मी बोलतेय ते समजून घेण्यापुरतं.

उत्तर, डिचोलीहून:
शीर शब्दाला कमी लेखू नका हां. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याच्या खाली पोकळीत फक्त मज्जातंतूंची मुळं लोंबत असतात. तेव्हा कमरेच्या खालच्या गादीने जे दबतं ते बहुतेक वेळा मूळच, मेरुरज्जू नव्हे, आणि त्या मुळांवरचं मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइटचं नसतं, श्वान (Schwann) पेशींचं असतं, म्हणजे मेंदू-मेरुरज्जूबाहेरच्या ग्लियाचं. म्हणजे तुमच्या घरचे ‘कंबरेत शीर दबली’ म्हणतात ते ‘मज्जारज्जू दबला’ म्हणणाऱ्या शिकलेल्या माणसापेक्षा बरोबर.